घराची घडी बदलली म्हणून मुलांचा आत्मसन्मान खचतो का?

प्रश्न एका आईचा आहे. घटस्फोटाला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती दोन्ही मुलांना घेऊन आपल्या आईवडिलांकडे राहते. मुलगी १४ वर्षांची, मुलगा १६ चा. मुलगी आरशासमोरून हलत नाही आणि "मी कशातच चांगली नाही" हे तिचं पालुपद झालं आहे. आई तिला रोज सांगते, "तू सगळ्यात सुंदर आणि हुशार आहेस", पण उपयोग शून्य. मुलगा घरात घुम्यासारखा वावरतो, मित्रांत फुशारक्या मारतो, आणि त्याने आवाज चढवला की आजी म्हणते, "अगदी बापावर गेलाय." आईचे दोन प्रश्न आहेत: घर मोडल्यामुळे मुलांचा आत्मसन्मान कायमचा खचतो का? आणि मुलाला व मुलीला एकच उपाय चालेल का?

पहिल्याचं उत्तर: नाही, कायमचा खचत नाही. पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी १९९१ मध्ये घटस्फोटित आईवडिलांच्या मुलांवरच्या ९२ अभ्यासांची एकत्रित छाननी केली. फरक दिसला, पण तो लहान होता. आणि आईवडील एका छपराखाली राहतात पण सतत भांडतात, अशा घरांतली मुलं घटस्फोट झालेल्या घरांतल्या मुलांच्याही मागे होती. घरात माणसं किती, यापेक्षा ती माणसं एकमेकांशी आणि मुलांशी कशी बोलतात याचा भार मोठा असतो. म्हणून तुमच्या प्रश्नात घटस्फोटापेक्षा दोन वाक्यं जास्त खटकतात: तुमचं मुलीला उद्देशून असलेलं आणि आजीचं मुलाला उद्देशून असलेलं. एक मायेपोटी येतं, दुसरं वैतागातून. नुकसान दोन्हींनी होतं. (आणि "मोडलेलं घर" हा शब्द मुलांच्या कानावर पडू देऊ नका. ती त्याच घरात राहतात.)

आधी एक गल्लत दूर करू. आत्मविश्वास म्हणजे "मला हे जमेल". आत्मसन्मान म्हणजे "नाही जमलं तरी माझी किंमत कमी होत नाही". पहिला भरपूर आणि दुसरा पोकळ अशी मुलं पुष्कळ असतात. दरवर्षी वर्गात पहिला येणारा मुलगा दोन गुण कमी पडले म्हणून दोन दिवस जेवत नाही, तेव्हा त्याला आत्मविश्वासाची शिबिरं नकोत. त्याची किंमत गुणांवर टांगलेली आहे, ती तिथून उतरवायला हवी.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये याचं सोपं सूत्र मांडलं होतं: आत्मसन्मान म्हणजे यश भागिले अपेक्षा. घरची मोठी माणसं फक्त अंशाकडे बघतात. आणखी यश, आणखी क्लास, आणखी बक्षिसं. छेद कोणी तपासत नाही. मूल स्वतःकडून काय अपेक्षा करतं आणि कोणतं क्षेत्र जिवाला लावून घेतं, हे त्या छेदात असतं. सुसान हार्टर यांनी हीच गोष्ट क्षेत्रवार मोजली: अभ्यास, खेळ, मित्रमंडळी, रूप, वागणूक अशी. या वयात एकूण आत्मसन्मानाशी सगळ्यात घट्ट बांधलेलं क्षेत्र निघालं रूपाचं, आणि ते मुलगे-मुली दोघांतही. तुमच्या मुलीचं "कशातच" बहुधा असंच तयार झालं आहे. एका खान्यातली शाई सगळ्या पानावर पसरली आहे. तिला पाच विषयांत चांगले गुण दाखवून ती पुसली जाणार नाही, कारण डाग अभ्यासाच्या खान्यात पडलेलाच नाही.

आता मुलगा आणि मुलगी. १९९९ मधल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात मुलग्यांचा सरासरी आत्मसन्मान मुलींपेक्षा थोडा जास्त दिसला. फरक लहानच, पण तो सर्वांत रुंद होता किशोरवयाच्या उत्तरार्धात. नंतरच्या अभ्यासांतून कळलं की ही तफावत प्रामुख्याने रूप आणि खेळ या क्षेत्रांत आहे. अभ्यास आणि घरातलं स्थान यांत ती जवळजवळ नाहीच. वयात येण्याची वेळही इथे आड येते. बरोबरीच्या मुलींआधी वयात येणाऱ्या मुलीला आपलं शरीर परकं आणि सगळ्यांच्या नजरेत आल्यासारखं वाटतं. मुलग्यांत बहुधा उलटं: उशिरा वाढणारा, बुटका राहिलेला, आवाज न फुटलेला मुलगा हिरमुसतो.

दिसण्यातही फरक आहे. मुलगी सहसा स्वतःलाच बोल लावते, त्यामुळे तिचं दुखणं लवकर कळतं. मुलगा ते चिडचिडीत, गप्पपणात किंवा बढाईत लपवतो, आणि मोठ्यांना वाटतं की हा जरा जास्तच शेफारलाय. फुशारकी आणि खरा आत्मसन्मान ओळखायची साधी कसोटी अशी: हरल्यावर किंवा कोणी थट्टा केल्यावर तो काय करतो ते बघा. आतून भक्कम असलेला मुलगा चडफडतो, पण पुन्हा खेळायला बसतो. पोकळ बढाई मारणारा खेळच सोडतो, नियमांना दोष देतो किंवा समोरच्याचा अपमान करतो. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पाया दोघांचा एकच, गळती वेगवेगळ्या जागी. बुजवायचीही त्या त्या जागीच.

मुलीपासून सुरू करू. "तू सगळ्यात सुंदर आणि हुशार आहेस" हे वाक्य आजपासून बंद करा. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की मोठी माणसं कमी आत्मसन्मानाच्या मुलांनाच जास्त फुगवलेली शाबासकी देतात, आणि त्या शाबासकीनंतर नेमकी हीच मुलं अवघड काम टाळून सोपं निवडतात. कारण उघड आहे. "अप्रतिम" म्हटल्यावर पुढच्या वेळीही अप्रतिमच यावं लागतं. ज्याला स्वतःबद्दल खात्री नाही तो ती जोखीम घेत नाही. शिवाय १४ वर्षांच्या मुलीला "सगळ्यात" हा शब्द खोटा आहे हे कळतं, आणि आई खोटं का बोलते याचं उत्तरही ती स्वतःच शोधते: खरं सांगण्यासारखं काही नसेल म्हणून.

त्याऐवजी लहान, खरं आणि डोळ्यांनी पाहिलेलं बोला. "निबंध छान" याऐवजी "दुसरा परिच्छेद तू पूर्ण खोडून पुन्हा लिहिलास, त्यामुळे मुद्दा स्पष्ट झाला." "गुणी गं माझी" याऐवजी "भाऊ चिडलेला असताना तू मध्ये पडली नाहीस, ते बरं केलंस." दिवसाला एक-दोन वाक्यं पुरतात. दहा झाली की ती पुन्हा भाटगिरी होते.

शरीराबद्दल घरात कोणीही बोलायचं नाही, चांगलंसुद्धा. "बारीक झालीस, छान दिसतेस" हे वाक्य मुलीच्या मनात नोंद करतं की घरातले तिचं वजन बघताहेत. तुम्ही स्वतःच्या पोटाबद्दल किंवा रंगाबद्दल आरशासमोर काय पुटपुटता, तेही ती ऐकते. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड जातो तो पाहुण्यांसमोर. कोणी टोमणा मारला तर तिथल्या तिथे, हसत का होईना, पण ऐकू जाईल असं म्हणा: "आमच्याकडे दिसण्यावर बोलत नाही." मुलीला नंतर खासगीत समजावण्यापेक्षा हे एक वाक्य जास्त काम करतं.

आणि ती "मी कशातच चांगली नाही" म्हणाली की लगेच खोडून काढू नका. खोडलं की ती पुरावे देते, वाद होतो आणि तिचं मत पक्कं होतं. असं करा:

"आज काही झालं का?"
"काही नाही. नेहमीचंच."
(इथे थांबा. मनात वीसपर्यंत मोजा. बहुतेक संभाषणं इथेच बिघडतात, कारण आईवडिलांना शांतता सोसवत नाही.)
"फोटोत मी कशी दिसते बघ. सगळ्या हसल्या."
"सगळ्या? कोण कोण?"
"दोघी."
"दोघी हसल्या. वाईट वाटलं असणार. तुला मी काही करायला हवंय, की नुसतं ऐकायला हवंय?"

यात दोन गोष्टी घडल्या. "कशातच" आणि "सगळ्या" यांचा आकार कमी होऊन एक फोटो आणि दोन मुली उरल्या. आणि शेवटचा प्रश्न विचारल्याने उपाय तिच्या हाती राहिला. उपदेश त्या संध्याकाळी करायचाच नाही.

मुलाचं काम जास्त नाजूक आहे. "बापावर गेलाय" हे आजीला रागाचं एक वाक्य वाटतं. मुलाला त्यात एक सरळ हिशेब ऐकू येतो: बाबा वाईट, मी बाबांसारखा, म्हणून मी वाईट. वागणूक बदलता येते, रक्त बदलता येत नाही, त्यामुळे त्याला या वाक्यातून बाहेर पडायला वाटच उरत नाही. आजीशी एकट्यात बोला, मुलांसमोर नाही. "आई, त्याचं ओरडणं मलाही खटकतं. तू त्याला जरूर रागव. पण त्याच्या बाबांना मध्ये आणू नकोस." नुसतं 'हे बोलू नकोस' सांगून भागत नाही, त्या क्षणी तोंडात यायला दुसरं वाक्य हवं. "आवाज खाली घे, मग बोलू" हे द्या. तेवढंच, रोज तेच. पंधरा दिवसांत दोनदा जीभ घसरली तरी ती प्रगतीच समजा.

तुम्ही स्वतः कधीतरी, ओघात, त्याच्या बाबांचा एक खरा चांगला गुण बोला. "गाडीतला बिघाड शोधायला तुझे बाबा तासन्‌तास बसायचे, तुझ्यातही ती चिकाटी आहे." खोटं कौतुक नको, एक खरा गुण पुरे. ज्या माणसाचा तो अर्धा भाग आहे, त्यात घेण्यासारखं काही आहे हे त्याला तुमच्या तोंडून कळायला हवं. हे जड जातं, मान्य. पण माजी पतीशी तुमचं जे काही आहे ते मैत्रिणीपाशी, वकिलापाशी किंवा समुपदेशकापाशी बोला. मुलगा त्यासाठी नाही.

निरोप्याचं कामही मुलांना देऊ नका: "बाबांना सांग फी भरायची आहे" हे त्यात येतं. बाबांकडून परत आल्यावर पहिला तासभर एकही प्रश्न नको. जेवण, अंघोळ, खोली. सांगायचं असेल ते आपण होऊन येतं. आणि "आता घरातला कर्ता पुरुष तूच" हे वाक्य कोणी उच्चारत असेल तर तेही थांबवा. १६ वर्षांच्या मुलाला तो मान वाटतो, पण जे ओझं उचलणं शक्यच नाही ते त्याने स्वीकारलेलं असतं, आणि आईला रडताना पाहिलं की तो स्वतःला नापास ठरवतो. कामं द्या, पद देऊ नका.

बाकीच्या घरांतही हेच तत्त्व, पण अडचण प्रत्येकाची वेगळी.

एकत्र कुटुंबात मुलाला एका माणसाने झिडकारलं तर दुसरा खांदा मिळतो, हे मोठंच भांडवल. पण चुलत भावंडांशी तुलना, चारचौघांसमोर ओरडा आणि चार मोठ्यांचे चार नियम यांत ते वाया जातं. मुलाला शिस्त लावणारी माणसं जास्तीत जास्त दोन ठरवा. बाकीच्यांनी तक्रार असली तर ती त्या दोघांकडेच न्यायची. छोट्या कुटुंबात उलट होतं. आईवडील दोघंही दमलेले असले की एक खराब संध्याकाळ सावरायला तिसरं कोणी नसतं. तिथे आत्या, मामा, खेळाचे शिक्षक असा घराबाहेरचा एखादा विश्वासू मोठा माणूस मुद्दाम जोडून द्यावा लागतो. एकुलत्या एका मुलाबद्दलचे समज बहुतेक चुकीचे आहेत. भावंडं नाहीत म्हणून आत्मसन्मान कमी नसतो. त्याला त्रास होतो तो घरातली सगळी स्वप्नं एकट्याच्या वाट्याला येतात तेव्हा.

सावत्र आई किंवा वडील नव्याने आले असतील तर पहिली दोन वर्षं तरी शिस्त सख्ख्या पालकाकडेच ठेवा. नव्या माणसाने आधी ओळख करून घ्यावी, हुकूम नंतर. पालकाचा मृत्यू झालेल्या घरात "आज ते असते तर त्यांना काय वाटलं असतं" हे वाक्य टाळा; गेलेल्या माणसाची मर्जी मिळवता येत नाही. दत्तक मूल या वयात "माझे खरे आईवडील कोण" असं विचारतं तेव्हा तो कृतघ्नपणा नसतो, ओळख घडण्याचा भाग असतो. माहीत असेल तेवढं खरं सांगा.

घरात व्यसन किंवा मोठा मानसिक आजार असेल तर सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे गुपित. मूल ते झाकतं, मित्रांना घरी आणत नाही, आणि लाज हळूहळू स्वतःबद्दलची होते. त्याला तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्या लागतात: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, ते तू बरं करू शकणार नाहीस, आणि याबद्दल अमुक एका माणसाशी तू मोकळेपणी बोलू शकतोस.

आता तुमच्या घरासाठी आठेक आठवड्यांचा बेत. पहिले दोन आठवडे काही बदलू नका, फक्त लिहा. वहीत तीन रकाने: काय घडलं, मूल काय बोललं किंवा वागलं, मोठ्या माणसाने काय उत्तर दिलं. रोज दोन-तीन ओळी. वही मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. शेवटी तिसरा रकाना मोजा: तुलना किती, टोमणे किती, सूचना किती, नुसतं ऐकून घेतलं असं किती वेळा. बहुतेक घरांत हा शेवटचा आकडा बघूनच निम्मा उलगडा होतो.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला एक खरं काम द्या. खरं म्हणजे ते केलं नाही तर घराचं अडेल असं: आठवड्याचं सामान आणणं, एका रात्रीचा स्वयंपाक, आजोबांच्या औषधांची डबी भरणं (ती भरल्यावर मोठ्या माणसाने एकदा तपासायची, हे आधीच ठरवून). दोन चुका इथे हमखास होतात. एक, मुलगी म्हणून स्वयंपाक आणि मुलगा म्हणून बाहेरची कामं अशी वाटणी. ती उलटी करून बघा, दोघांनाही नवीन काही जमल्याचा आनंद मिळतो. दुसरी, काम झाल्यावर ते मोठ्या माणसाने गुपचूप पुन्हा करणं. घडी वाकडी असेल तर वाकडी राहू द्या. तुम्ही ती परत घालता तेव्हा मुलाला कळतं की काम खोटं होतं.

त्याच सुमारास निर्णयांचे तीन वाटे करा आणि कागदावर लिहा. पूर्णपणे मुलांचे: केस, खोली, छंद, मित्र कोण. मिळून घ्यायचे: फोनची वेळ, क्लास, बाबांना भेटण्याचे दिवस. मोठ्यांचे: सुरक्षितता, शाळा, रात्री परतण्याची वेळ. पहिल्या वाट्यातला निर्णय तुम्हाला आवडला नाही तरी फिरवायचा नाही. एकदा फिरवला की पुढचे सगळे नाटकी ठरतात. फोनबद्दल एकच: झोप. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात, आणि अपुऱ्या झोपेत प्रत्येक टोमणा दुप्पट लागतो. रात्री सगळ्यांचे फोन एका ठिकाणी चार्जिंगला, तुमचाही.

निकाल वाईट लागला की त्या दिवशी चर्चा नको. "ये, जेवून घे" एवढंच. दुसऱ्या दिवशी क्रम असा: आधी त्याला काय वाटतं, मग त्याच्या मते कुठे चुकलं, मग पुढच्या वेळी एक गोष्ट काय बदलणार. एकच. आणि तुमच्या हातून अन्याय झाला, उगाच ओरडलात, तर माफी मागा. तीही "पण तूसुद्धा" न जोडता. 'पण' आला की ती माफी राहत नाही.

मोजमाप करायचा मोह होईल. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची १० विधानांची प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते: प्रत्येक विधानाला ० ते ३ गुण, एकूण ० ते ३०, आणि १५ पेक्षा कमी गुण साधारणपणे कमी मानतात. पण त्यातली ५ विधानं नकारार्थी आहेत आणि त्यांचे गुण उलटे मोजावे लागतात. घरी करणारे नेमके तिथेच चुकतात. आई शेजारी बसलेली असताना भरलेली प्रश्नावली तशीही आईला आवडेल अशीच भरली जाते. ती समुपदेशकावर सोडा.

त्यांच्याकडे कधी जायचं, हे मात्र नक्की करून ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास किंवा चिडलेलं असणं, आवडीच्या गोष्टीत रस न उरणं, झोप किंवा भूक बदलणं, जेवण चोरून टाकणं किंवा खाऊन उलटी करणं, शाळा टाळणं, उन्हाळ्यातही लांब बाह्या (हातावरच्या जखमा झाकायला): यातलं काही दिसलं तर घरगुती उपायांवर वेळ घालवू नका. मरणाची भाषा आली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. तोवर मुलाला एकटं सोडायचं नाही, आणि घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात.

तसं काही नसेल तर सुधारणेची खूण म्हणून हसरा चेहरा शोधू नका. मुलीच्या बाबतीत भाषा लहान होते का ते ऐका: "कशातच" ऐवजी "आज भूमिती जमली नाही" असं आलं की गाडी रुळावर आहे. मुलाच्या बाबतीत पहिली खूण तुम्हाला आवडणार नाही. तो गप्प बसायचं सोडून वाद घालू लागेल, आवाज न चढवता पण हट्टाने, तुमच्या डोळ्यांत बघून. आजीला वाटेल पोरगा हाताबाहेर चालला. तिला हे आधीच सांगून ठेवा.